गुडघ्यावरचा डाग

राजेश्वर, गुरुवार, १४ ऑक्टोबर २००४

माझ्या भावाच्या, मल्लूच्या, छातीतलं पाणी क्षयाचं नाही. गुडघ्याच्या हाडाचा कॅन्सर छातीत पसरलाय. गुलबर्ग्याच्या डॉक्टरांनी आज मला एकटीलाच बाजूला घेऊन सांगितलं. आता फारसं काही हातात नाही म्हणे.

तपासताना त्यांनी पॅन्ट वर सरकवली, तेव्हा मला तो डाग दिसला. लंगड्या मेंढीला देतात तसा, तापलेल्या विळ्याचा. गुडघा दुखत होता म्हणून उन्हाळ्यातच दिलेला.

"मला कामून सांगितलं न्हाई?" मी आईला विचारलं.

"तू शिकलेली. वरडली असतीस."

मल्लू हसला. "अक्का, तुझं भाषण ऐकण्यापरीस डाग बरा!"

एवढी ओरडते मी? क्षयाचं औषध सुरू करताना डॉक्टरांनी विचारलं होतं, आणखी कुठं दुखतं का? मीच ठामपणे नाही म्हणाले. आई, मल्लू, दोघंही शेजारी गप्प. तो डाग पॅन्टखाली, आणि पावसाळाभर मी विश्वासानं गोळ्या देत राहिले. माझ्याच माणसांनी मला...

परतताना बसमध्ये मल्लूनं विचारलं, "अक्का, बरा व्हतो न्हवं मी?"

"व्हय," मी म्हणाले.

त्याला लगेच पटलं. शिकलेली ना मी.