वेल्डनबुवा आणि दुसरी-चौथी मात्रा

आखन (जर्मनी), मंगळवार

ती. दादास,

शोभनाचा नमस्कार. तुझा गुडघा आणि वहिनींचा रक्तदाब दोन्ही ताब्यात आहेत असे धरून चालते. (नसल्यास औषधे वेळेवर घ्या, मला कळवल्याने ती पोटात जात नाहीत.)

तू मला इथे एका कामासाठी पाठवलेस. यशोधन पीएच.डी. सोडून कुणा अमेरिकन म्हाताऱ्याच्या बँडमध्ये गिटार वाजवायला निघाला आहे, त्याला कान धरून प्रयोगशाळेत परत बसवायचे. आधी म्हाताऱ्यालाच चार शब्द सुनावावेत म्हणून रविवारी दुपारी मी त्याच्या कार्यक्रमाला गेले. गावाबाहेर एका शेतकऱ्याचे मोठे कोठार, साठ-सत्तर जर्मन मंडळी आणि प्रत्येकाच्या डोक्यावर गुराख्याची टोपी. (गाय एकाकडेही नसावी.)

आता म्हाताऱ्याविषयी. नाव वेल्डन प्रूइट, वय शहात्तर, मूळचा अलाबामाचा. नवव्या वर्षी चर्चमध्ये गायला लागला. सोळाव्या वर्षी लाकडाच्या वखारीत डाव्या करंगळीचे पेर गेले. दुसऱ्या कुणी गिटार खुंटीला टांगली असती. याने शेजारच्या बोटावर औषधाची काचेची बाटली चढवली आणि ती तारांवरून सरकवू लागला. दादा, तो आवाज सारंगीचा सख्खा भाऊ आहे. पुढे तीन गिटारींचा बँड, गाजलेली एक रेकॉर्ड, मग भांडणे आणि फाटाफूट. इथल्या अमेरिकन लष्करी तळावर आठवडाभर गायला म्हणून आला, त्याला पंचेचाळीस वर्षे झाली. अजून रोज सकाळी दोन तास रियाज करतो आणि स्पीकर स्वतः उचलतो. (तू पाण्याचा तांब्याही मागतोस.)

सुनावायचे शब्द मी विसरले. पण श्रोते पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर टाळ्या वाजवत होते, आणि ड्रम तर दुसरी-चौथी बजावून सांगत होता. आप्पांनी आपल्याला हातावर ताल धरायला शिकवले ते हे बघत बसायला नव्हे. दोन गाणी सोसली. तिसऱ्याला उठले, रंगमंचाकडे पाठ केली आणि नववी-अ ला शिकवावे तसे सगळ्यांना शिकवले: पहिलीला हात मोकळा, दुसरीला टाळी. यशोधन वरून "आत्या, प्लीज खाली बस ना" म्हणत राहिला. जर्मन माणसाला नियम एकदा समजला की तो पाळतो. मिनिटभरात कोठार तालावर आले. गाणे संपल्यावर वेल्डनने टोपी काढली आणि म्हणाला की या देशात आल्यापासून तो याचीच वाट पाहत होता. मी त्याला वाकून नमस्कार केला. (आमच्या प्राचार्यांनाही कधी केला नव्हता.)

तेव्हा मुलगा वाईट संगतीत आहे ही भीती मनातून काढ. इतकी चांगली संगत त्याला घरातही मिळाली नव्हती.

तुझी,
शोभना

ता. क. यशोधन कालपासून प्रयोगशाळेत जातो आहे. त्याची लय पळते, हे त्याला कसे सांगावे ते वेल्डनला महिनाभर सुचत नव्हते. मी सांगितले. थोडा रडला, मग "गेनाऊ, आत्या" म्हणाला. (जर्मनमध्ये 'अगदी बरोबर'.) म्हणजे त्यालाही ठाऊक होते.

आणखी एक. माझे परतीचे तिकीट सहा आठवडे पुढे ढकल. व्हिसात बसते, मी पाहिले आहे. बँडची अजून सहा गावे राहिली आहेत, आणि श्रोते दर गावाला नवे असतात. आप्पांची पितळी झांज माझ्या कपाटात वरच्या फळीवर आहे, ती ताबडतोब पाठव. टोपी इथे मिळाली.