अल्बम, अक्कलदाढ आणि दुसरं तिकीट

४ जून
कन्येच्या खोलीतून गेले दोन आठवडे जे येतंय ते बांधकाम नसून संगीत आहे, हे आज कळलं. जाब विचारायला गेलो आणि दारातच थबकलो. गाणारा आधी पुटपुटत होता, मग एकदम असा किंचाळला की अंगावर काटा आला. इतकी वर्षं लोकांच्या दाढा काढतोय, पण इतका प्रामाणिक आवाज फक्त खुर्चीत ऐकलाय, तोही भूल चढायच्या आधी. उभ्याउभ्या तीन गाणी ऐकली. कन्या म्हणाली, बाबा, दार लाव. बाहेरून.

५ जून
अल्बम फोनवर घेतला. गॅरेजमध्ये रेकॉर्ड केलाय म्हणे. तिसऱ्या गाण्याआधी गायक खोकतो, तो खोकला तसाच ठेवलाय. ड्रमवाल्याचं स्टूल करकरतं, तेही ठेवलंय. वा रे पठ्ठे! आपण जन्मभर घासूनपुसून, पॉलिश करून देत आलो. हे लोक कीड दाखवतात आणि वर म्हणतात, बघा.
ऑगस्टमध्ये कन्या शिकायला बाहेरगावी जाणार. त्याआधी बापलेकीत एक तरी सामायिक आवड हवी, असा संकल्प होता. सापडली.
सौ.चं मत : कोणाचं तरी पोट दुखतंय. सौ.ला संगीतातलं कळत नाही.

८ जून
बँड आपल्याच शहरात येतोय! २८ तारखेला. कन्येने दोन तिकिटं काढलीत. दुसरं कोणासाठी, असं विचारलं तर म्हणाली, बघू. 'बघू' म्हणजे मीच. लाजते पोरगी.

९ जून
दवाखान्यात आजपासून बासरी बंद, अल्बम चालू. रिसेप्शनवाल्या बाईंनी विरोध केला. मी म्हटलं, दुखणार आहे ना? मग पेशंटला फसवायचं कशाला?
सकाळी रूट कॅनालसाठी एक निवृत्त हेडमास्तर आले. बाहेर बसले. तेवढ्यात चौथं गाणं लागलं. त्यात शेवटी गायक नुसता ओरडतो, बराच वेळ. मास्तरांना वाटलं, आत खुर्चीत कोणीतरी आहे. चपला तिथेच टाकून गेले. आत मी एकटाच चहा पीत होतो.
कलेसाठी थोडं सोसावं लागतं. चपला बाईंनी जपून ठेवल्यात.

१२ जून
कन्येच्या खोलीत जमिनीवर बसून अख्खा अल्बम ऐकला. (गुडघे!) तिची अट एकच : गाणं चालू असताना बोलायचं नाही. तंतोतंत पाळली. पहिल्या गाण्यात गिटार बेसूर आहे एवढं सांगितलं, दुसऱ्यात ते मुद्दाम आहे हे सांगितलं, आणि तिसऱ्यात कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मी बोंगो वाजवले होते तो किस्सा. याला बोलणं म्हणत नाहीत, रसग्रहण म्हणतात. सौ. दाराशी इस्त्री करत होती, तिने चकार शब्द काढला नाही. बिचारीकडे बोलण्यासारखं होतंच काय?
चौथ्या गाण्यात कन्येचे डोळे भरून आले. मी विचारलं, कचरा गेला का? तिने गाणं बंद केलं. आता कुठे रंगत येत होती.

१४ जून, दुपारी
शोध लागला! चौथं गाणं पुन्हापुन्हा ऐकलं. गायक तोंड पूर्ण उघडतच नाही. उजवीकडे शब्द अडकतो, 'स' म्हणताना हवा निसटते. वेदना खरी आहे, कारण ती खालच्या उजव्या अक्कलदाढेची आहे. आडवी उगवलेली. पैजेवर सांगतो. सगळे समीक्षक काळजाबद्दल लिहितायत, जबड्याकडे एकाने बघितलं नाही.

१४ जून, संध्याकाळी
माणुसकी म्हणून बँडच्या पेजवर लिहून टाकलं : दाढ ताबडतोब काढा, तोवर कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा, पोट साफ ठेवा. कन्येला सरप्राइज.

१५ जून
घरच्या कॉम्प्युटरवर कन्येचं खातं उघडं होतं म्हणे. सल्ला तिच्या नावाने गेला. फोटोसकट. मैत्रिणींनी वाचला, बँडच्या चाहत्यांनी वाचला. एक जण तिला 'डॉक्टरीणबाई' म्हणतो आणि हिरड्यांवर उपाय विचारतो. उपाय माझ्याकडे तयार होता, पण सौ.ने कॉम्प्युटरची वायरच काढून ठेवली.
कन्या म्हणाली, ते गाणं त्याच्या मेलेल्या भावावर आहे, बाबा. भावावर! मग दार आपटलं.
भावाचं ऐकून वाईट वाटलं. खरंच वाटलं, जेवण गेलं नाही. पण भाऊ गेला म्हणून दाढ दुखू शकत नाही, असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय? माफीबिफी मागणार नाही.

१९ जून
अबोला चालू. चालू दे, मीही काही कमी नाही. काळा टी-शर्ट आणला. पोटावर ताणतो, पण आजकाल तशीच फॅशन आहे. रिसेप्शनवाल्या बाईंनी विचारलं, कोणी गेलं का? त्यांनी माझ्या परस्पर बासरी लावली होती. मी त्यांच्या परस्पर बंद केली. पेशंट कमी झालेत ते हवा बदलल्यामुळे.

२४ जून
सौ.ला म्हटलं, तिला सांग, मी कार्यक्रमभर गप्प बसेन. सौ. म्हणाली, तूच सांग की. गेलो. गप्प बसण्याबद्दल मी पाऊण तास बोललो, हे नंतर लक्षात आलं.
कन्येने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, बाबा, मला तिथे रडायचंय. तू शेजारी असलास की मला तुझ्याकडेच लक्ष द्यावं लागतं.
मी उठलो आणि दार लावलं. बाहेरून.

२७ जून
दुसरं तिकीट सौ.ला. सौ.ला! जिला पोटदुखी वाटली होती तिला! चौकशीअंती कळलं, ती रोज दुपारी कन्येच्या खोलीत इस्त्रीचे कपडे घेऊन बसायची आणि अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायची. मला एका शब्दाने बोलली नाही. कन्येलाही नाही. म्हणूनच तिला नेतेय, असं कन्या म्हणते. हा काय न्याय झाला?
लिहून ठेवतो : मला जायचंच नव्हतं. धक्के खात ऐकणं हे हौशागवशांचं काम. उद्या मी फक्त गाडी चालवणार. टी-शर्ट मात्र घालणार. माझा आहे.

२८ जून, संध्याकाळी सात, पार्किंग
दोघी हातात हात घालून आत गेल्या. सौ.ने वळून हात केला. मी फोनमध्ये बघत असल्यासारखं केलं.
सुरू झालं! भिंतीतून नुसतं धाडधाड येतंय, शब्द एक नाही. हेच खरं रॉ, न घासलेलं संगीत. आतले मुकले. शेजारच्या गाडीतल्या गृहस्थांचा मुलगाही आत आहे. त्यांना चौथं गाणं आणि दाढेचा संबंध समजावून सांगत होतो. त्यांनी काच वर केली.
ठीक आहे. गाडीत अल्बम लावतो, फुल आवाजात. आत ते, बाहेर मी. बघू कोण थकतं.

२९ जून, सकाळी
बॅटरी थकली.
कार्यक्रम सुटला तेव्हा गाडी ढिम्म. दोघींनी मागून धक्का दिला. कन्येचा आवाज पार बसलेला, डोळे सुजलेले, आणि लहानपणी ताप उतरल्यावर दिसायची तशी दिसत होती. मी विचारणार होतो, कसं झालं, जबडा कसा वाटला, तेवढ्यात तिने हात वर केला. बाबा, एक शब्द नाही. मी सांगेन तेव्हा क्लच सोड.
सोडला. गाडी चालू झाली. सगळा रस्ता मी खरोखर तोंड उघडलं नाही. आरशात दिसत होतं, ती सौ.च्या खांद्यावर डोकं टेकून बसली होती.
सिग्नलला तिने घोगऱ्या आवाजात विचारलं, चौथं गाणं त्याने एकट्याने म्हटलं, गिटारशिवाय. अगदी हळू. तुला बाहेर ऐकू आलं का रे?
मी जोरजोरात मान डोलावली.
ऐकू आलं नव्हतं. गाडीत मी अल्बम लावला होता.