माणसामागे माणूस

गाव, २४ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप सुचिताताईस,
दिनानाथचा शि. सा. न. वि. वि.

फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. माझे कान गेल्यापासून तू तिकडून ओरडतेस आणि मी इकडून नुसता हो हो करतो. शेजारचा ओंकार मांडव्याच्या बोटीवर कामाला आहे, तो हे पत्र मुंबईत तुझ्या दारात टाकेल.

काशीच्या हाताचं प्लास्टर निघालं, पण मनगटात जोर नाही. भरली कळशी उचलत नाही. आवणीला भाताची रोपं लावायला आईच्या जागी प्रणालीच सगळ्यांच्या शेतावर गेली, हे तुला ठाऊक आहे. आता हायस्कूलवाले म्हणतात, पोरीची हजेरी कमी भरली, दहावीच्या परीक्षेला बसू देणार नाही. हातापाया पडलो तेव्हा मोठ्या बाईंनी वाट काढली. दर रविवारी दिवसभर ज्यादा तासांना बसायचं, मग बुडालेले तास भरले असं धरू म्हणाल्या.

नेमकी काल गणराजकडे भाताची झोडणी. त्यांनी सावडीत आपल्या आवणीला माणसं दिली, मग आपण नको का द्यायला? मी डोकं चालवलं. प्रणालीला खळ्यावर नेलं आणि तिच्या जागी धाकट्या भक्तीला वर्गात बसवलं. माणसामागे माणूस! बाक काही रिकामं राहिलं नाही. भक्तीने फळ्यावरचं सगळं उतरवून आणलं आणि ताईला समजावलंसुद्धा. आहे की नाही तुझा भाऊ हुशार?

माया आहे ती तशीच राहू दे.
तुझा दिनानाथ


मुंबई, २६ नोव्हेंबर

चि. दिनानाथ यास,
ताईचा आशीर्वाद. खरं तर आज तो द्यायला जीव होत नाही.

अरे देवा! हुशार म्हणे! अक्कल गहाण टाकलीस का? शेतावरची रीत शाळेत चालत नाही रे. जिचं नाव पुकारतात तिनेच तिथे बसायचं असतं. मास्तर याला फसवणूकच म्हणणार, आणि शेकेल ते दोन्ही पोरींवर. हजेरीला भक्तीने तोंडातून काय काढलं, ते तरी विचारलंस का?

हे पत्र मिळाल्याबरोबर शाळेत जा. कोणी विचारायच्या आधी तूच खरं सांग. मान खाली घालून उभा राहा आणि तुझ्या त्या खड्या आवाजात भांडू नकोस. माझा जीव टांगणीला लागलाय, लगेच कळव.

रागावले तरी तुझीच,
ताई


गाव, २८ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी शाळेत पोचायच्या आधीच बोंब झाली होती. रविवारचे सर नवे आहेत. बुधवारी ते वर्गात आले, प्रणालीला रविवारचं गणित विचारायला उभं केलं, तर चेहराच वेगळा! भक्तीला मी सांगितलं होतं की ताईच्या जागी आले म्हण. पोर घाबरली आणि नुसतं हजर म्हणाली. मोठ्या बाई काय काय बोलल्या ते मला अर्धं ऐकू आलं नाही, पण त्यांचं तोंड बघूनच कळलं. शेवटी म्हणाल्या की एकदाच सोडते. यापुढे प्रणालीचा एक रविवार जरी चुकला तरी परीक्षा विसरायची.

आणि ताई, याच रविवारी चंदाबाईकडे झोडणी आहे. ती आवणीला आपल्याकडे दोन दिवस राबली होती, त्याची फेड म्हणून आता मी आणि प्रणाली. मजूर लावून चालत नाही, घरचंच माणूस लागतं, हे तुला सांगायला नको. चंदाबाई एकटी बाई, तिला शब्द दिलाय. भक्तीला भारा उचलत नाही.

प्रणाली कालपासून जेवली नाही. एवढंच म्हणाली की बाबा, माझी जागा कुठली ते एकदा सांगून टाका. वाटतं, परीक्षा पुढच्या वर्षी दिली तर काय बिघडेल? दुसरी वाट दिसत नाही.

समजून घे.
दिनानाथ


मुंबई, २८ नोव्हेंबर, संध्याकाळ

चि. दिनानाथ,
आशीर्वाद नंतर. ओंकार दारात थांबलाय, म्हणून घाईत लिहिते.

पुढच्या वर्षी हा शब्द पुन्हा काढलास तर तुझं तोंड बघणार नाही. पुढच्या वर्षी बसेन म्हणून घरी राहिलेल्या पोरी आपल्याच आळीत किती आहेत, तुला काय माहीत नाही?

उद्याच्या बोटीने मी येते. शेतावर बदली चालते ना? मग प्रणालीच्या जागी मी. लग्न होऊन गेलेली बहीण घरचं माणूस धरतात की नाही, तेवढं चंदाबाईला विचारून ठेव. नाही म्हणाली तर खळ्यावर येऊन भांडेन. काशीला म्हणावं, एक जुनी साडी काढून ठेव. आणि पोरीला आधी जेवायला घाल.

ताई


गाव, १ डिसेंबर

प्रिय आत्यास,
प्रणालीचा वाकून नमस्कार.

तळहाताचे फोड कसे आहेत? खोबरेल लावलंस का, असं आईने दहादा विचारलंय. तू काल संध्याकाळी निघालीस, मग सगळी गंमत कळली. बाबा चंदाआजीला विचारायला गेले तेव्हा ती त्यांच्यावरच उखडली होती. म्हणाली, सुचिता याच खळ्यावर पेंढ्यात लोळून मोठी झाली, ती घरची न्हाय तर कोन? काल मात्र म्हणाली की तू भाताची झोडणी करतेस की गादी झटकतेस तेच कळत नव्हतं, म्हणून तुला अर्धंच माणूस धरलंय. उरलेलं अर्धं पुढच्या रविवारी हवंय तिला.

शाळेच्या खिडकीतून तिचं खळं दिसतं. तू आईच्या हिरव्या साडीत भारा उचललास, कमरेला हात लावलास, पुन्हा उचललास. मला रडूच यायला लागलं होतं. सर हजेरीला माझ्या बाकाजवळ आले, माझा चेहरा नीट बघितला आणि मग नाव पुकारलं. मी उभी राहून इतक्या जोरात हजर म्हटलं की सर दचकले.

बाबा म्हणतात, ते त्यांना खळ्यावर ऐकू आलं. फोनवर तुझं ओरडणं ऐकू येत नाही त्यांना, पण हे म्हणे स्पष्ट ऐकू आलं.

लोभ आहेच, तो घेऊन रविवारी लवकर ये.
तुझीच,
प्रणाली