कोटाच्या पोटातली रुई

मुंबई, भेंडीबाजार
ता. ११ फेब्रुवारी २००७

अब्बाले सलाम, अम्मीले सलाम, तहरीमले दुवा.

तुमी आपल्या भातकुलीच्या देवमनले विचारलं, मले नाही विचारलं. हे मी कधी विसरणार नाही अब्बा. देवमन महिन्यातून एखाद वेळ माझ्या गल्लीतून जाते, तेही उधारीचा चहा प्यायले, अन् त्याच्या तोंडून तुमी आपल्या पोराचा हालहवाल घेता. मी शेजारच्या शालूकाकूच्या घरी तीनदा फोन केला. तिन्ही वेळा एकच जवाब, नबीभाई नमाजले गेले. सकाळी अकराले कोणती नमाज असते?

तहरीम, हे मोठ्यानं वाच. काही गाळू नको.

माझी तब्येत ठीक आहे. भातकुलीची खबर कानावर येते. कापसात काही राहिलं नाही, लोक लग्नं पुढं ढकलून राहिले, गाद्या कोणी भरून घेत नाही अन् तुमची रुई पिंजायची धुनकी खुंटीलेच टांगली आहे म्हणे. इथं मात्र कुर्बानशेठचं दुकान चालू आहे, तुमी ज्याले मेलेल्यांच्या चिंध्या म्हणता ते. चिंध्या नाहीत त्या. नेव्हीच्या साहेबलोकांचे जुने कोट अन् टोप्या आहेत. जमा करणारे शौकीन लोक असतात, ते पहिले विचारतात कोणत्या सालचा, मग भाव ठरते. साल सांगायचं काम माझं. सातवी नापास आहो, पण कोट हाती आला की पहिले बटन पाहतो. राजाचा मुकुट असला तर इंग्रजाच्या वेळचा, सिंह असले तर सन पन्नासनंतरचा. मग बाही. सोनेरी पट्टी नागमोडी असली तर साहेब लढाईपुरता भरती झालेला, सरळ असली तर कायमचा नोकरीवाला. या गल्लीत माझ्यासारखं सांगणारा दुसरा नाही. मी स्वतःच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगणार नाही.

आता दिवाळीपासून पैसे काहून आले नाही, ते. देवमननं सांगतलेलं अर्धं खरं आहे. शेठनं मले काढलं होतं. चोर म्हणून.

झालं असं. माझगावच्या एका बाईनं वारलेल्या वडिलांची पेटी विकली. त्यात निळा लोकरी कोट होता. बाई म्हणे, वडिलांचा इंग्रजाच्या लढाईच्या वेळचा. शेठनं पेटी बंदच घेतली, उघडली मी एकट्यानं. कोटावर सिंहाचीच बटनं होती, पण काळी पडलेली. मी काय केलं, अम्मी पितळेची भांडी घासते तशी चिंच लावून ती लखलखीत केली. वाटलं, गिऱ्हाईक खूश होईल. बटनं सालाशी जुळत नव्हती, पण बाईच्या शब्दावर मी लढाईचंच साल सांगतलं.

गिऱ्हाईक होते पुण्याचे केशवराव. त्याईनं ती चमक पाहिली अन् कोट परत आणला. लढाईच्या कोटावर सिंह कसे, अन् तेही कोरे करकरीत? मुकुटाची बटनं काढून कोणीतरी वेगळी विकली, असं त्याईचं म्हणणं. अन् दुकानात सुई चालवणारा मी एकटा. शेठनं मले एक सवाल केला नाही. सगळ्यांसमोर बोलला, "पिंजाऱ्याच्या पोराले टाका मारायले किती वेळ लागते?" चोर म्हटलं त्याचं एवढं नाही लागलं अब्बा, पिंजाऱ्याचं नाव घेतलं त्याचं लागलं.

मग मी गोदीत गोण्या उचलल्या. तहरीम, एवढं मात्र अम्मीसमोर गाळ.

तिथं मले महादेवरावची गादी आठवली. तुमी चांगली रुई काढून घेतली अन् जुनी भरली, असं त्यानं भर रस्त्यात म्हटलं होतं. तुमी भांडले नाही. गादीचा कोपरा उसवला अन् म्हणाले, "वरून काय पाहता, पोटात पाहा." तुमाले उघडून दाखवायले भेटलं होतं. मले तुमी तेवढंही नाही दिलं. असो.

केशवराव रविवारी बाजारात येतात. मी त्याइले रस्त्यातच गाठलं. म्हटलं, बिनकल्हईच्या भांड्यात ताक कळकते की नाही? तसं पितळेचं बटन वर्षानुवर्षं राहिलं की हिरवं पाझरते, धाग्याधाग्यानं आत जाते. मी वरून चिंच लावली, आत तर नाही लावली. कोट उसवू द्या. छातीच्या अस्तराखाली भरलेल्या रुईत हिरवं नाही निघालं तर मले पोलिसात द्या.

त्याईनं मले खालीवर पाहिलं अन् विचारलं, "कापणार नाहीस ना?"

म्हटलं, कात्री लावते तो पिंजारी नाही.

शेठच्याच दुकानात बसलो. अस्तराचा खालचा कोपरा धरला, धागा अख्खा ओढला, बोटाले गुंडाळला. अस्तर वर केलं अन् आत रुई. अब्बा, आपली गावरानी आखूड रुई, हातानं पिंजलेली. बोटात धरली अन् वळखली. छातीवरच्या हरेक बटनामागं गर्द हिरवा डाग. अन् त्या डागाच्या बाजूले आणखी एक सुईचा जुना छेद, त्याच्याभोवतीही फिक्कट हिरवं. म्हणजे पहिले दुसरी बटनं होती, अन् ती बदलून जमाना झाला.

केशवरावनं कोट जवळ ओढून एकेक छेद पाहिला. मग त्याईनंच उलगडून सांगतलं. सन पन्नासमध्ये राजाचा मुकुट गेला, सिंह आले. नवा कोट कोण शिवते? साहेबानं बटनं बदलली अन् तोच कोट घातला. कोट लढाईचा, बटनं स्वराज्याची, दोन्ही खरी. मग उभे राहिले अन् सगळ्या दुकानासमोर म्हणाले, "मी या मुलाला चोर म्हटलं होतं. ते मी परत घेतो."

शेठनं माफी नाही मागितली. त्यानं कोटाचा भाव वाढवला. केशवरावनं तो दिलाही, अन् पुण्याले घरची सारी कपाटं पाहायले बोलावलं. आता शेठ मले हरेक कोटामागं हिस्सा देते, अन् सालाच्या चिठ्ठीवर सही माझी असते. गोदीतल्या पोराइले मी त्या रात्री जिलेबी चारली.

कोट उसवलेल्याच धाग्यानं, त्याच छेदातून परत शिवला. कुठून उघडला ते तुमाले सापडलं नसतं. बरं, तुमाले सापडलं असतं. बाकी कोणाले नाही.

बापानं पोराची माफी मागावी अशी रीत आपल्यात नाही, अन् मले ते पाहवणारही नाही. एक काम करा. मनीऑर्डर केली आहे. घरात नका घेऊ. पोस्टमन पाराजवळ थांबते, चार लोक बसलेले असतात, तिथंच घ्या. पाठवणाऱ्याचं नाव त्याले मोठ्यानं वाचायले लावा. मी पुरं लिहिलं आहे.

तुमचा,
अरीब नबी पिंजारी

रुपये पाच हजार.