आश्लेषेची सून

आये,

लोकांसमोर तुला आत्याबाई म्हणायची रीत होती. सासूला आमच्याकडे तसंच म्हणत. पण घरात आपण दोघीच असलो की तू मला आये म्हणायला लावायचीस, म्हणून आजही तेच लिहिते. तू गेलीस तेव्हा तुझं जे वय होतं, त्याच्या कितीतरी पुढे मी आले आहे. तुझ्यापेक्षा म्हातारी होऊन तुला आये म्हणताना थोडं ओशाळायला होतं, पण दुसरं काही तोंडात येत नाही.

मी रत्नागिरीच्या पेठेतल्या एका किराणा दुकानदाराची मुलगी, मराठी चौथी झालेली. लांज्याकडच्या डोंगरातल्या शेतकऱ्याच्या घरात मला द्यायचं आमच्या घरी कुणाच्याच मनात नव्हतं. पण माझं नक्षत्र आश्लेषा, आणि आश्लेषेची सून सासूच्या मुळावर येते हे सगळ्यांनी धरलेलं. बघायला आलेल्या बायका लाडू खायच्या, माझं शिवण उलटून पालटून बघायच्या आणि पत्रिका उघडली की पदर सावरून उठायच्या. तू आलीस ती भावाला घेऊन, लांबून चालत, पायांना लाल माती. भटजींनी पत्रिका वाचली आणि तुझ्याकडे न बघताच म्हणाले, "मुलीत काही खोट नाही. पण आश्लेषा आहे. सासूला बरं नाही." तू पान लावत होतीस. चुना पुसून शांतपणे म्हणालीस, "सासू मीच ना? मग माझं मी बघीन." दाराआड उभी राहून मी ते ऐकलं. बाबा शेजारीच उभे होते. त्यांनी उपरण्याने डोळे पुसले ते मी पाहिलं, पण पाहिलं नाही असं दाखवलं.

मामंजी माझ्या लग्नाआधीच गेलेले, तुझा मुलगा मुंबईला गिरणीत. शिमग्याला आणि गणपतीला बोटीने यायचा, आठ-पंधरा दिवस राहून परत जायचा. उरलेलं वर्ष घरात तू, मी, गाय आणि तिचं वासरू. मी सुरुवातीला तुला शिवायलाच भ्यायचे. पाण्याचा तांब्या द्यायचा तर खाली ठेवून मागे सरायचे. तू दोन-तीनदा सोडून दिलंस. मग एका दुपारी जेवणं झाल्यावर पडवीत मला समोर बसवलंस आणि विचारलंस, "माझी पाठ तुला विस्तव वाटते काय गो?" मी रडायलाच लागले. तू समजूत घातली नाहीस. माझं रडं संपेपर्यंत केरसुणीसाठी माडाच्या पात्यांतले हीर सोलत बसलीस आणि मग स्वतःची गोष्ट सांगितलीस.

तुलाही लग्नात मूळ नक्षत्र सांगितलं होतं. मूळ म्हणजे सासऱ्याला वाईट. तू या घरात आल्यावर पहिल्याच वर्षी तुझे सासरे फणसावरून पडून गेले. "लोक म्हणाले, हिनं खाल्ला. मी म्हटलं, मी कसा खाल्ला? पण त्या दिवशी मी काय केलं व्हतं तेच मला आठवेना. कुणाला उलटून बोलले व्हते का, दारात आडवी गेले व्हते का, काय नाय. लोक सांगत गेले, मी ऐकत गेले. मग मलाच वाटाया लागलं, असंल. जल्मभर तसंच वाटत आलं बघ." एवढं बोलून तू माझ्याकडे पाहिलंस. "मला लिवता येत नाय. तुला येतं. तू रोज लिव. तू काय केलंस ते तुला ठाऊक पायजे. लोकांना नसू दे."

माझ्या सामानात बाबांनी एक जुनं पंचांग बांधून दिलं होतं. त्याच्या मागच्या पानांवर बारा राशींची माणसं कशी असतात ते छापलेलं. आश्लेषा म्हणजे माझी रास कर्क. ते पान मी तुला वाचून दाखवलं. मायाळू, घर न सोडणारी, मनात ठेवणारी, भित्री, पाण्यासारखी चंचल. तू प्रत्येक शब्दावर मान हलवत ऐकलंस आणि म्हणालीस, "म्हंजे खेकडी. वरून टणक, आत मऊ." मग ठरवून टाकलंस. रोज दुपारी मी दिवसभराचं लिहायचं आणि त्यातलं राशीचं काय, माझं काय, ते वेगळं काढायचं. लांज्याच्या बाजारात कोकमं विकून तू वही आणि शाईच्या पुड्या घेऊन आलीस. दुकानदार म्हणाला होता, मुलगा शाळेत जातो वाटतं. तू त्याला म्हणालीस, "सून जाते."

पहिल्या दिवशी माझ्या हातून ताकाचं मडकं फुटलं होतं. मी लिहिलं, कर्क राशीमुळे मन चंचल, म्हणून मडकं फुटलं. वाचून दाखवल्यावर तू हीर बाजूला ठेवलेस. "मन चंचल नव्हतं. हात ओला व्हता. खोड ते. हात ओला व्हता असं लिव." मी खोडलं. तेव्हा मला तुझा राग आला होता. शाळेत शुद्धलेखनाला नेहमी शाबासकी मिळालेली मी, आणि अक्षरओळख नसलेली बाई माझ्या ओळी खोडायला लावते. पण तू दुसऱ्या बाजूनेही सोडत नव्हतीस. एकदा तू शेतावरून उशिरा आलीस आणि मी तोवर उपाशीच थांबले होते. वहीत त्यातलं काहीच नव्हतं. "भूक लागलेली ती कुठं लिवलीस?" तू विचारलंस. मी म्हटलं, त्यात काय लिहायचं. "ते लिवायचं. आपणहून घेणार नायस, आपणहून मागणार नायस, कुणी बोलवील म्हणून बसून ऱ्हाणार. हे मात्र पंचांगात बरोबर हाय. मनात ठेवणारी. हे तुझं हाय, ते लिव." त्या दिवसापासून मी स्वतःकडे जरा वाकून बघायला शिकले. काही दिवस नुसतं 'भ्याले' एवढंच लिहिलेलं असायचं. मग तू विचारायचीस, कशाला भ्यालीस, आणि ते सांगता सांगता भीती अर्धी व्हायची.

आपल्या शेजारी चुलत सासूचं घर. ती वाईट नव्हती, आये. हे मी आज म्हणू शकते. तुझ्यावर तिचा जीव होता आणि माझी तिला खरीच भीती वाटायची. पुढच्या साली वासरू मेलं तेव्हा ती अंगणात येऊन म्हणाली, "सुरुवात झाली. आज वासरू. उद्या कोण?" तू मला वही आणायला लावलीस आणि अंगणातच तो दिवस वाचायला सांगितलास. मी वाचलं. सकाळी शेण काढलं. वासरू दूध कमी पितं असं दिसलं, आयेला सांगितलं. दुपारी पानं वेचली. गायीला पाणी दाखवलं. वाचून झाल्यावर तू तिला विचारलंस, "यात वासरू मारलेलं कुठं आलं?" ती म्हणाली, "लिवलेलं खोटं पण असतंय." तू म्हणालीस, "बोललेलं पण असतंय." ती निघून गेली. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा तुझ्या डोक्याला तेल लावलं, न विचारता, आणि माझी बोटं तुझ्या केसांत असताना काही झालं नाही. तू पेंगलीस एवढंच. मला वाटतं माझ्या आयुष्यात त्याइतकी निवांत संध्याकाळ पुन्हा आली नाही.

त्यानंतरच्या आषाढात लावणी आटोपली आणि तुला ताप भरला. आधी वाटलं चिखलाचा ताप, निघेल. निघाला नाही. तू ग्लानीत पडून राहायचीस, मला ओळखायची नाहीस. मी पेज भरवते आहे, अंग पुसते आहे, आणि प्रत्येक वेळी तुला हात लावताना ताप हाताला जास्तच लागतो आहे असं मला वाटतं. चुलत सासू आली. या वेळी तिने आवाज चढवला नाही. माझ्याजवळ चुलीपाशी बसली आणि माझा हात धरून म्हणाली, "पोरी, मी भांडाया नाय आले. तू थोडं दिवस माहेरी जा. ती बरी झाली की ये. तुजं काय जातंय? खरं असंल तर ती वाचंल. खोटं असंल तर तुजं चार दिवस गेले." मी त्या बोलण्यात फट शोधत राहिले. सापडली नाही. आजही सापडत नाही. तू शुद्धीत असतीस तर शोधून दिली असतीस.

मी गेले. मला कुणी हाकललं नव्हतं. भाऊ न्यायला आला, लांज्यापर्यंत चिखलातून चालत, पुढे मोटारीने. निघताना तुझ्या पाया पडायचं होतं, पण हात लागेल म्हणून दारातूनच नमस्कार केला. माहेरी गेल्यावर आईने जेवायला वाढलं, मी जेवले. रोज दुपारी वही उघडत होते. काय केलं लिहायचं? आज दूर राहिले. आज दूर राहिले. दुसरं काही केलेलंच नव्हतं. माझ्या मनात रोज येत होतं की निरोप येईल, बरी आहे, ये. मी त्या निरोपाची वाट बघत होते. निरोप सासरच्या गावचा एक माणूस घेऊन आला आणि आत न येता पावसात पायरीशीच उभा राहिला. त्याला काही बोलावं लागलं नाही.

मी पोचले तेव्हा सगळं उरकलेलं होतं. अग्नी चुलत दिराने दिला होता. पावसाळ्यात बोटी बंद, तुझ्या मुलाला पत्र पोचायलाच उशीर झाला. शेवटपर्यंत तुझ्याजवळ शेजारची न्हावीण बसली होती. तिने मला मागच्या दारी नेलं आणि सांगितलं की तुला मध्ये शुद्ध आली होती. चांगली आली होती. तू उठून बसलीस, पेज मागितलीस आणि विचारलंस, ती कुठाय? तिने सांगितलं, माहेरी धाडली.

"मग काय म्हणाली?" मी विचारलं.

"रागावली. म्हणाली, कुणी धाडली? मग म्हणाली, खेकडी ती. बोलवल्याबिगर यायची नाय. बोलवा तिला."

"मग?"

"मग पाऊस व्हता, बाय. नदीला पाणी. आज कुणी जाईल, उद्या कुणी जाईल, असं करता करता ऱ्हायलं. तुजी सासू दोन येळा इचारून गप झाली."

तू मला किती ओळखत होतीस ते मला त्या मागच्या दारात, चिखलात उभी राहून कळलं. तू रोज वहीत जे शोधायला लावायचीस ते मी लिहून ठेवलं होतं, वाचून दाखवलं होतं, आणि तरी तसंच वागले. कर्क मला घेऊन गेली असं मला कुणी म्हणू दिलं असतं तर सोपं झालं असतं. पण तूच शिकवलंस खोडायला.

गणपतीला तुझा मुलगा आला. भावकीतली माणसं बसली. कुणीतरी म्हणालं, आश्लेषेनं करून दाखवलं, आता हिला घरात ठेवू नये. तो म्हणाला, "ती इथं नव्हतीच. नसलेल्या बाईनं कसं मारलं?" चुलत सासूही म्हणाली, "व्हय, नव्हती. मीच धाडलेली." आणि विषय मिटला. पुन्हा कधी निघाला नाही. मी तू आणलेली वही घेऊन आत उभी होते, वाचायला सांगतील म्हणून. कुणी सांगितलं नाही. तू मला माझं नाव राखायला लिहायला लावलंस, आणि माझं नाव राखलं ते मी तुझ्याजवळ नव्हते म्हणून. पुढे मुंबईला खोली केली, मुलं झाली, बायका मला मान देत आल्या. बोल लागला असता तर बरं होतं, आये. तुझ्या उशाशी बसून लागलेला बोल मी सोसला असता.

लिहिणं कितीतरी वर्षं बंद होतं. मग एकदा धाकट्याला उगीच मारलं आणि दुपारी हात आपोआप वहीकडे गेला. लिहिलं, आज अमावस्या, म्हणून मन अस्वस्थ. थांबले. खोडलं. खोलीत उकडत होतं, नळाला पाणी आलं नव्हतं आणि मी दमले होते. तसं लिहिलं. तेव्हापासून चालू आहे, कधी खंड पडतो, कधी सलग. अजूनही मला बोलावल्याशिवाय कुठे जायला जमत नाही. मुलीच्या बाळंतपणात तिच्या सासरी मी आपणहून गेले, तेव्हा रस्ताभर पाय मागे येत होते. पण गेले.

हे पत्र पेटीत घालून उपयोग नाही आणि घातलं तरी तुला वाचून दाखवायला मीच लागणार. म्हणून इथेच ठेवते. फक्त एक राहिलं. मागच्या वर्षी धाकट्याचं लग्न ठरलं तेव्हा मुलीच्या बापाने पत्रिका पुढे केली. मी हात मागे घेतला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, मला पत्रिका बघायची नाही, मला मुलगी पसंत आहे. लोक अजून माझं कौतुक करतात. सून तर माहेरी सांगते की माझ्या सासूबाईंनी पत्रिकेला हात लावला नाही. त्या दिवशी पाहुणे जेवायला बसले होते आणि पत्रिका बैठकीवरच पडली होती. मी आत जाऊन उघडून पाहिली. मुलीचं नक्षत्र रोहिणी निघालं, सासूला न बाधणारं. आणि मला बरं वाटलं, आये.