उसने ओटोआजोबा

१२ ऑक्टोबर

ओटोआजोबांच्या कबरीवर पालिकेने चिठ्ठी डकवली! वारसांनी कार्यालयात भेटावं, नाहीतर दगड हलवणार. आई शेवंतीची कुंडी घेऊन गेली होती, तणतणत परत आली.

"इरेक, ऊठ. तू वारस आहेस."

मी वारस! ओटो ब्रॉयर पक्का जर्मन. दुसरं महायुद्ध संपलं, सीमा सरकली, इथले जर्मन नदीपलीकडे गेले आणि पूर्वेकडच्या आमच्या माणसांना आगगाडीने आणून त्यांच्या घरांत उतरवलं. आमचे मेलेले मात्र पूर्वेला जुन्या गावीच राहिले. पहिल्याच सर्व संतांच्या दिवशी, म्हणजे सगळे आपापल्या मेलेल्यांच्या कबरींवर जातात तेव्हा, दिवा लावायला एक कबर नाही म्हणून आजी ढसाढसा रडली. दहा वर्षांच्या आईने सरळ जाऊन एक निवडली. "याला कुणी नाही, आपल्यालाही कुणी नाही." झाले आमचे आजोबा! मला ते बरीच वर्षं खरेच वाटायचे. शाळेत छातीठोकपणे सांगितलं आणि 'जर्मनाचा नातू' म्हणून चोप खाल्ला.

आता अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी आईचा एकच हट्ट — मला तिथेच पुरा.

१४ ऑक्टोबर

कार्यालयात व्हियोलेताबाई. "नातं?" "नातू," मी म्हटलं. उभा जन्म पुलावर कस्टममध्ये काढला. कोणाच्या डिकीत सिगारेटी आहेत ते नुसत्या तोंडावरून ओळखायचो. आज माझंच तोंड बीटासारखं लाल!

"जर्मन आजोबा? सकाळपासून तुम्ही तिसरे," बाई म्हणाल्या. "अहो, अख्खं गाव उसनं आहे, पण कबर उसनी देता येत नाही. ब्रॉयरांच्या खऱ्या नातवाचा फोन आलाय, गुरुवारी येतोय. आणि आईंचं म्हणाल, तर जुन्या कबरस्तानात नवी जागा नाही. ओटोसाहेबांच्या जागेत ओटोसाहेब आहेत."

आई म्हणाली, "तुला एक थाप धड मारता येत नाही. आणि सरकार तुला पगार देत होतं!"

१७ ऑक्टोबर

खरा नातू आला. फोल्कमार. सत्तरीचा, भिडस्त. माझं जर्मन म्हणजे 'डिकी उघडा' आणि 'किती पाकिटं?' — नशीब, त्याला आमची भाषा थोडी येते. केस कापायला इकडेच येतो, स्वस्त पडतं म्हणून.

आईने दारातच झापलं. "इतकी वर्षं कुठे उलथला होतास? बस. खा." बिचारा मान खाली घालून बटाट्याचं सारण भरलेले उकडलेले पिएरोगी खात राहिला.

पुलापर्यंत सोडायला गेलो तेव्हा म्हणाला, "दगड तुमचाच. हवी तिथे सही करतो. पण एक सांगू? कबर रिकामी आहे. आजोबा पहिल्या महायुद्धात समुद्रात बुडाले, सापडलेच नाहीत. आजीला रडायला जागा हवी होती, म्हणून तिने दगड बसवला. तुमच्या आईला मी कोणत्या तोंडाने सांगू?"

म्हणजे आता मी सांगायचं.

१८ ऑक्टोबर

सांगितलं नाही.

२३ ऑक्टोबर

सांगायला गेलो. "काय रे?" म्हणाली. मी म्हटलं, नळ गळतोय का बघायला आलो. गळत नव्हता. तरी दुरुस्त केला. आता गळतो.

३१ ऑक्टोबर

दुपारभर आई दगड घासत होती. घासता घासता ओटोंना माझ्याबद्दलची गाऱ्हाणी — याचे गुडघे कुरकुरतात, बायको सोडून गेली, नळ बिघडवला. ऐकायला खाली कुणी नाही! आयुष्यभर ही बाई रिकाम्या मातीशी बोलत आली. आणि मी, चोरकप्पे शोधून काढणारा पठ्ठ्या, बादली धरून उभा.

१ नोव्हेंबर

कबरस्तानात गर्दी, दिवेच दिवे. आईने दिवा लावला आणि मी डोळे मिटून बोलून टाकलं. "आई, आत कुणी नाहीये. कधीच नव्हतं."

"कुणीच नाही?"

"कुणीच नाही."

तिने वाकून दगडावर टकटक करून पाहिलं. मग माझ्या पाठीत एक धपाटा.

"अरे गाढवा, मग जागा आहे की!"