दोघी एकाच चरात

धाकटे, सगळ्यात आधी आला तो टकलू तपासनीस, मागून त्याचा पेटीवाला, आणि शेवटी आपली बिट्टी, तोंड असं सुकलेलं की जणू तिलाच तपासायला आलेत. (तिलाच आले होते. तपासणी पास झाली तरच माझ्या नातीची नोकरी पक्की.) अगं, आशीर्वाद राहिलेच! तुला नि यजमानांना भरभरून आशीर्वाद. गुडघा कसा आहे? माझा अजून माझं ऐकतो, तुझा लहानपणापासूनच हट्टी.

तर काय, आमच्या परसाच्या भिंतीपलीकडे पाण्याचा प्लांट, बिट्टी तिथली इंजिनियर. पंपांना कंट्रोल रूममधून हुकूम जातो तो फायबरच्या केबलमधून. आत केसाएवढी काच नि तिच्यातून उजेड पळतो म्हणे. (मी एक तुकडा उन्हात धरून पाहिला, काही पळताना दिसलं नाही.) एक केबल तुटली तरी गावाचे नळ कोरडे पडू नयेत म्हणून बिट्टीने दोन आखल्या, एक रस्त्याकडून, दुसरी आमच्या परसातून. हुशार पोर, माझ्यावर गेलीय.

चर खणायला माणसं आली तेव्हा बिट्टी नेमकी ट्रेनिंगला गेलेली. रस्त्याकडे नुसता खडक, बिचारे घामाने निथळत होते. माझ्याने बघवेना. म्हटलं, "लेकरांनो, दोनदा कशाला मरता? माझी माती लोण्यासारखी आहे, घाला दोघींना एकाच चरात, तेवढीच सोबत!" मुकादम म्हणाला, "आजी, तुम्ही देवमाणूस." वर मी चहा दिला.

तपासणीत टकलूने आधी एक केबल काढून पाहिली, पंप चालूच. ती लावून दुसरी काढली, तरी चालूच. बिट्टीच्या तोंडावर रंग आला. मग मंडळी केबल कुठून जाते ते बघायला आमच्या परसात. माझा घेवड्याचा वेल पायवाटेवर लोळत होता. साहेबाचा पाय अडकेल म्हणून मी लगबगीने पहार घेतली नि खुंट रोवायला एक घाव घातला. धाकटे, भिंतीपलीकडची ती रात्रंदिवसाची घूंऽऽ एकदम बंद! टकलूच्या हातातली कपबशी वाजलेली ऐकू आली.

"आजी, इथे एकच केबल आहे ना गं?" बिट्टीने विचारलं.

"एकटी का असेल? दोघी आहेत, गळ्यात गळा घालून," मी कौतुकाने सांगितलं.

पोर मटकन खालीच बसली. पण उठली नि म्हणाली, "साहेब, चूक माझी. चर बुजवण्याआधी मी डोळ्यांनी बघायला हवा होता." टकलू एकदा खड्ड्याकडे बघे, एकदा माझ्याकडे. शेवटी हसलाच. म्हणाला, एक केबल रस्त्याकडून न्या, मी परत येतो, तेव्हा ठरवू. म्हणजे हो नाही नि नाहीही नाही. चहा मात्र पुन्हा मागून प्याला. संध्याकाळपर्यंत केबली सांधल्या, घूंऽऽ सुरू झाली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

तुझी,
ताई

ता. क. बिट्टी म्हणते, "ते येतील त्या दिवशी तू धाकट्या आजीकडे राहायला जा. पहार घेऊन जा." म्हणून हे पत्र. तर तू मला मुळीच बोलावू नकोस! पोरीची नोकरी पक्की होताना मी इथेच हवी. वेलाला हातसुद्धा लावणार नाही, तुझी शपथ. तुला सणकून सर्दी झालीय असं बिट्टीला कळव.

आणखी ता. क. तू पत्र लिही, यजमानांना फोन करायला सांग. दोन्ही निरोप एकाच वाटेने धाडू नका, आता मला अक्कल आली आहे. मंडळी येत्या गुरुवारी येतो म्हणालीत. सर्दी बुधवारपासून धर.